कॉलेजशी सोयरीक

माझी नात सध्या कॉलेज शोधते आहे, म्हणजे पलंगावर उताणी पडून मोबाईलवर अंगठा फिरवते आहे. परवा तिनं मला कुठल्याशा कॉलेजचं वसतिगृह दाखवलं. खोल्या, जिने, जेवणाचं घर, सगळं त्या एवढ्याशा काचेत गरगर फिरत होतं. "बघ आजी, जायचीसुद्धा गरज नाही," म्हणाली. मी म्हटलं, "अन् तांदूळ कसा आहे तिथला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचं तरी काय चुकलं म्हणा! कॉलेज बघायला जाताना चार दाणे चावून बघायचे असतात, विहिरीत डोकवायचं असतं आणि सोबत जिवंत मासोळीची जोडी न्यायची असते, हे तिला कोण सांगणार? आम्ही आमचं कॉलेज तसंच पाहिलं. मला त्या दिवसाची आठवण आली की मी अजून एकटीच हसते, आणि हसता हसता एका जागी येऊन थांबते. ती जागा येईलच.

आमचं घर करडीला, तलावाच्या पाळीखाली. बाबा मासोळी धरायचे. पहाटे जाळं खांद्यावर टाकून ते निघाले की जाळ्याला लावलेल्या शिशाच्या मण्यांचा खळखळाट अंगणातून पाळीपर्यंत ऐकू यायचा आणि मग गप्प व्हायचा, की समजायचं, बाबा डोंग्यात बसून तलावात निघाले. सकाळी रात्रीचा भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी, दुपारी लाखोळीची डाळ, संध्याकाळी मासोळीचा रस्सा. आमच्या घराला मासोळीचा वास येतो हे मला बारावी होईपर्यंत माहीतच नव्हतं. ते भंडाऱ्यातल्या मुलींनी सांगितलं. घरात बोलायचं काम माझी मोठी माय करायची. ती बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले आणि तिनं आमच्या घराचा कारभार हातात घेतला तो सोडलाच नाही. तिनं पाळीवर उभं राहून हाक मारली की बाबा तलावाच्या मधोमधून ओ द्यायचे. बाबा स्वतः मात्र दिवसातून दहा-बारा वाक्यं बोलत असतील. माझी माय त्याहून कमी बोलायची, पण मी दिव्याशी अभ्यासाला बसले की कुणी न सांगता वात वर करून जायची.

बाबांच्या रीतिभातीचं एक सांगून ठेवते. माझी थोरली बहीण गिरजी वरठीला दिलेली. बाबा मासोळी घेऊन वरठी स्टेशनावर जायचे आणि येताना तिच्या ओट्यावर टेकायचे. तिला पाहायचे, पण पाणी प्यायला शेजारणीच्या नळावर जायचे. लेक दिली त्या दिवसापासून, तिला लेकरू होईपर्यंत, बापानं तिच्या घरच्या पाण्याला हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत. गिरजी रुसायची, तिचा नवरा, आमचे भाऊजी, चिडायचे, "मामाजी, कोन्त्या जमान्यात हाव तुमी?" बाबा हसून नळावर जायचे. शेवटी त्या शेजारणीनं बाबांसाठी एक गिलास वेगळाच ठेवून दिला होता.

तर मी बारावी पास झाले. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, पोरगी हुशार आहे, भंडाऱ्याला कॉलेजात घाला, मुलींचं वसतिगृह आहे, काळजी नाही. नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या मायनं लाखांदूरचं स्थळ आणलं. मुलगा बरा होता म्हणे. मी त्याला पाहिलं नाही, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायला मला जागा नाही. पण मला भंडाऱ्यालाच जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी हळूच 'प्रेझेंट मॅडम' म्हणून पाहायची.

मोठी माय आणि बाबा लाखांदूरला घर पाहून आले. आमच्यात मुलीकडचे आधी घर पाहतात. पसंत पडलं तर तिथं जेवायचं, नाही पडलं तर 'भूक नाई' म्हणून उठायचं. तोंडानं कोणी नाही म्हणत नसे. लाखांदूरला मोठी माय दोनदा भात घेऊन जेवली आणि बाबा अर्ध्या ताटावरून उठले, त्यामुळे अर्धं पसंत असा घोळ होऊन बसला. मोठी माय येताजाता लाखांदूरची विहीर वर्णायला लागली. मी चुलीपाशी तोंड पाडून बसले. तेव्हा बाबा जाळं विणता विणता म्हणाले, "वहिनी, एक घर पाह्यलं. आता ते दुसरं पाहून घेऊ."

"कोन्तं दुसरं?"

"कालेज."

मोठी माय हसायला लागली ती थांबेचना. पण हसून झाल्यावर तिला ते पटलं. पोरगी जिथं तीन वर्षं राहणार ते घर पाहायला नको? आणि घर पाहण्यात तिचा हात धरणारा आख्ख्या करडीत कोणी नव्हता. जाणार कोण, तर बाबा, मोठी माय आणि शहरातली माहिती असलेले म्हणून भाऊजी. मी जायचा प्रश्नच नव्हता. "नवरी कधी घर पाहाले जाते का वो?" मोठी माय म्हणाली. मी पाय आपटले, रडले, काही उपयोग झाला नाही. मग माझ्या मायनं, जी कधी बोलत नसे, भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "तिघं जाता का शुभ कामाले?" मोठ्या मायनं कपाळावर हात मारला. तिघांनी शुभ कामाला जायचं नाही! अशा रीतीनं मी माझ्याच कॉलेजला गेले ती फक्त चौथी म्हणून.

घर पाहायला रिकाम्या हातानं जात नाहीत. आदल्या संध्याकाळी बाबांनी मरळीची जोडी आणली, हातभर लांब, काळ्याभोर पाठीच्या, एकदम ताज्या. मरळ अशी मासोळी आहे की थोड्या पाण्यातसुद्धा दिवसभर जगते, वर तोंड काढून हवा घेते. मडक्यात पाणी, पाण्यात जोडी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, असं ते मडकं सकाळच्या एसटीत मोठ्या मायच्या मांडीवर बसलं. उन्हाळा संपत आलेला, बसमध्ये घामाच्या धारा. मडक्यातून मधूनच 'बुडुक' असा आवाज यायचा आणि पुढच्या बाकावरचा माणूस दचकून मागं बघायचा. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय मडक्यात?" मोठी माय ऐटीत म्हणाली, "सोयऱ्याईसाठी भेट हाय बापा." मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा तर मला वाटलं, आता उडीच मारावी आनंदानं. नदीत पाणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

भाऊजी वरठीहून सायकलनं येऊन स्टँडवर उभेच होते. केसांना तेल, हातात टोपी, खिशाला पेन. "माझ्या मांगं मांगं चला, मले सगळं मालूम हाय," म्हणाले. आम्ही मागं मागं गेलो, आणि त्यांनी आम्हाला सरळ मुलांच्या वसतिगृहात नेऊन उभं केलं. व्हरांड्यात वीस-पंचवीस मुलं बनियनवर दाढ्या करत होती. आम्हाला पाहून एक जण तोंडाला साबण तसाच ठेवून खोलीत पळाला. मोठी माय मधोमध उभी राहून सगळं नीट न्याहाळून म्हणाली, "जवाईबापू, हे तर सारे नवरदेवच दिसून राहिले!" भाऊजींची मान खाली. त्यानंतर दिवसभर त्यांना काही मालूम नव्हतं.

मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या मागं होतं, कौलारू, समोर कडुलिंब. तिथल्या रेक्टरबाई चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, पांढरं पातळ नेसलेल्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. बाबांनी गिलासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात बरी आहे. मग मोठ्या मायनं चौकशीला सुरुवात केली. विहीर का नळ? उन्हाळ्यात आटते का? पोरी किती? भांडतात का? रात्री दाराला कडी आतून का बाहेरून? रेक्टरबाई सगळ्याची उत्तरं हसत देत होत्या. "तुमी मारता का वो पोरीइले?" मोठ्या मायनं विचारलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई म्हणाल्या, "अभ्यास केला नाही तर रागावते." मोठ्या मायनं विचार केला आणि म्हणाली, "थोडं रागावलंच पाह्यजे."

मग ती उठून थेट स्वयंपाकघरात शिरली, आम्ही मागून. तिनं पोत्यात हात घातला, चार दाणे तोंडात टाकले, कुडुमकुडुम चावले. "जुना तांदूळ हाय. पर शिजते कसा?" म्हणून भाताच्या गंजावरचं झाकण काढलं. शीत बोटांत चेपून पाहिलं. खोल्यांत जाऊन गाद्या दाबल्या, एका मुलीची ट्रंक उघडायला लावली, दुसरीला जवळ घेऊन कानात विचारलं, "पोटभर देतेत का?" ती मुलगी मान हलवून फिदीफिदी हसायला लागली. लाखांदूरच्या विहिरीचं नाव मोठ्या मायच्या तोंडून दोनदा आलं, तिसऱ्यांदा नाही आलं, हे मी मोजून ठेवलं होतं. मला तर सगळंच आवडलं होतं. ती गादी, ती खिडकी, खिडकीतून दिसणारं कॉलेजचं घड्याळ, दोरीवर वाळत घातलेल्या त्या रंगीबेरंगी ओढण्यासुद्धा. मी एका पलंगावर उगीच बसून पाहिलं आणि पटकन उठले, कोणी पाहू नये म्हणून.

परत ऑफिसात आलो तर रेक्टरबाईंचं लक्ष मडक्याकडे गेलं. "हे काय? दही आणलंत वाटतं!" असं म्हणून त्यांनी, अगदी कौतुकानं, स्वतःच्या हातानं फडक्याची गाठ सोडली. "बाई, थांबा!" बाबा आणि मी एकदमच ओरडलो. पण मरळीला सांगणार कोण? एक उसळली ती टेबलावर, हजेरीच्या वह्यांवर सटासट शेपटी आपटत. दुसरी खाली पडली आणि सरपटत कपाटाखाली गेली. भाऊजी खुर्चीवर चढले. शिपाई दारातून पळाला तो दिसलाच नाही. दारात मुलींची ही गर्दी, कोणी किंचाळते आहे, कोणी हसते आहे. मी टेबलावर काढून ठेवलेला प्रवेशाचा अर्ज मासोळीखाली. मी टेबलावर झेप घेतली आणि मरळ कल्ल्यांच्या मागून धरली. शेपटीकडून धरायला गेलं की हातात शेपटीचा फटका येतो, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. बाबा जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली हात घालून दुसरीला चुचकारत होते, "ये, ये बाई, घाबरू नको." मोठी माय रेक्टरबाईंना म्हणाली, "ताजी हाय, पाह्यलं ना!"

दोन्ही मरळी मडक्यात गेल्या. ऑफिसात चिखल झालेला. बाबा उभे राहिले, सदऱ्याला धूळ, मान खाली. मला वाटलं, संपलं. आता ही बाई म्हणणार, घ्या तुमचं मडकं आणि निघा. रेक्टरबाईंनी चष्मा पुसला, परत घातला आणि मडक्यात वाकून बघायला लागल्या. "मी प्राणिशास्त्र शिकवते," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं पोरींना ही मासोळी चित्रातून शिकवली. आज पहिल्यांदा ती माझ्या टेबलावर आली." आणि बाबांना म्हणाल्या, "दादा, बसा ना. मला एक सांगा. ही पिल्लं सांभाळते असं पुस्तकात आहे. मी कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

बाबा बसले. अगदी कडेला, खुर्चीच्या टोकावर. आणि मग माझे बाबा, दिवसातून दहा वाक्यं बोलणारे, बोलायला लागले.

"पाह्यलं म्हंजे? सालोसाल पाहून राहिलो ना बाई. लाल लाल पिल्लं असतेत, पान्याच्या वरतं गोळा करून फिरतेत. त्याच्या खालून बाप फिरते. मायबी असते, पर बाप हटतच नाई. डोंगा जवळ नेला का पान्यावर असी थाप मारते का आपलंच काळीज हालते. तवा आमी तिथं जाळं नाई टाकत. पिल्लं मोठी झाली का मंग तो त्याइले सोडून देते."

"सोडून देतो?"

"हो. मंग कायले मांगं मांगं फिरंल? जाचंच असते ना त्याइले."

रेक्टरबाईंनी ओली वही बाजूला सारून कोरी वही काढली आणि बाबा सांगतील ते लिहून घेतलं. महिना कोणता, पाणी किती खोल, पिल्लांचा रंग कधी बदलतो. अधूनमधून विचारत होत्या, "पुन्हा सांगा दादा, एवढं राहिलं." शेवटी बाबांचं नाव विचारून तेही खाली लिहिलं. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, सत्कार पाहिले, पण बाबांचा त्या दिवशीचा चेहरा मला परत कुठं दिसला नाही. मरळीची जोडी प्रयोगशाळेच्या काचेच्या हौदात गेली. माझा अर्ज वाळत होता आणि तिकडे मरळींना ॲडमिशन मिळालीसुद्धा!

इतक्यात चहा आला. बाबांनी कप उचलला नाही. "घ्या ना दादा." "नाई बाई, नको." पाणी दिलं, तेही हातानं बाजूला सारलं. मी समजले, तहान नसेल. मग जेवायची वेळ झाली, बाई आग्रह करकरून आम्हाला मुलींच्या पंगतीला घेऊन गेल्या. आणि बाबा दारातच थांबून म्हणाले, "तुमी जेवा. मले भूक नाई."

 'भूक नाई'! हेच तर म्हणतात घर पसंत पडलं नाही की. बाबा जाऊन कडुलिंबाखाली बसले. मोठी माय तिकडे तीनदा भात घेत होती, "डाळ पातळ हाय पर वाढनाऱ्याचा हात मोकळा हाय," म्हणत होती. ती इतकी खूष की मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अन् घरात सासूच नाई, बाई!" भाऊजी हसले, मुली हसल्या.  मी ताटात बोटं फिरवत बसले. मासोळ्यांनी केलेल्या फजितीची बाबांना लाज वाटली असेल का? की या मुलींच्या ओढण्या पाहून वाटलं असेल, आपली पोरगी इथं शोभायची नाही? मोठी माय सतरा वेळा जेवली तरी काय, शेवटचा शब्द बापाचा. मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मला आपलं 'प्रेझेंट मॅडम' आठवत होतं आणि अजूनच रडू येत होतं.

स्टँडपर्यंत मी सगळ्यांच्या मागं मागं चालत आले. तिथं पाणपोई होती, रांजण ठेवलेले. बाबा तडक तिकडे गेले. एक गिलास प्यायले, दुसरा प्यायले, तिसरा, चौथा. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं, थांबायचं नाव नाही. ते पाहून माझं डोकंच फिरलं. मी बाबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी भर स्टँडवर चढवला. "एवढी तहान लागली होती तं तिथं काहून नाई पेले? घर पसंत नाई तं तोंडानं सांगा ना! लाखांदूरले द्याचं हाय तं देऊन टाका एकदाचं! उपासी कायले राह्यले?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. बाबांनी गिलास रांजणावर ठेवला. तोंड पुसलं. मग म्हणाले, "गिरजीच्या घरचं पितो का मी पानी?"

मला काही उलगडा होईना.  समजलं ते मोठ्या मायला. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "अरे सदा! म्हंजे तू पोरगी देऊनसुद्धा मोकळा झाला? अन् मले इचारलंबी नाई? कधी देली?"

"ते बाई लिहून घेऊन राहिली होती, तवा," बाबा म्हणाले. "पयले पेलो होतो ना पानी. मंग कसं पिणार?"

भाऊजींनी आपली मळकी टोपी हवेत उडवली. मोठी माय आधी रागावली, मग हसली, मग रडली, मग लाखांदूरवाल्यांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागली. मी बाबांच्या ओल्या सदऱ्याला घट्ट धरून उभी होते, बस आली तरी सोडला नाही. परतीच्या वाटेवर रिकामं मडकं माझ्या मांडीवर होतं. आम्ही सगळे इतके हसत होतो की कंडक्टरनं विचारलं, "जमली वाटते सोयरीक?"

पुढं तीन वर्षं बाबा दर महिन्याला मला भेटायला आले. येताना कडीचा डबा भरून घरचं पाणी आणायचे आणि कडुलिंबाखाली बसून तेच प्यायचे. रेक्टरबाईंना मी लेकरू होईपर्यंतची ही रीत सांगितली, त्यानंतर त्यांनी बाबांना कधी आग्रह केला नाही. बाबा आले की आधी प्रयोगशाळेत जाऊन हौदातल्या जोडीला बघून यायचे, मग मला.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी बाबा आले ते हात हलवत. डबा नव्हताच. मी म्हटलं, "बाबा, डबा विसरले का?" त्यांनी माझ्या हातातली गुणपत्रिका घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ती दोन्ही हातांत आडवी धरून, मान वाकवून, बराच वेळ पाहत राहिले. मग ती छातीशी धरून ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आता एक गिलास पानी द्या."

रेक्टरबाई स्वतः उठून माठाकडे गेल्या.